जुनी शिक्षा दाखवून नवी शिक्षा वाढवली, तर अपील कसं करायचं

शिक्षा लागली की घरची माणसं आधी वकिलाच्या फीचं विचारतात. त्याच्याही आधी निकालाची तारीख लिहून घ्या. शिक्षा मॅजिस्ट्रेटनं दिली असेल तर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. सत्र न्यायालयानं दिली असेल तर हायकोर्टात, म्हणजे आपल्या विदर्भासाठी नागपूर खंडपीठात, ६० दिवस. निकालाची नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत, मिळायला जे दिवस लागले ते यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज टाकलेला असला तरच. मुदत उलटून गेली तरी दार बंद होत नाही. विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडून अपील टाकता येतं. मात्र 'पऱ्हाटी वेचायची होती' एवढ्या कारणावर भागत नाही. दवाखान्याचे कागद, जेलमधून निरोप उशिरा आल्याचा पुरावा, असं काहीतरी लागतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिलांकडे मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे नकला काढणारा, तारखा लिहिणारा, पक्षकाराला चहा पाजून खरी गोष्ट काढून घेणारा. युक्तिवाद वकिलानं करायचा. त्याच्या हातात कोणते कागद असले पाहिजेत, तेवढं मी सांगतो, कारण या प्रकारच्या अपिलात निम्मी लढाई जुन्या केसच्या कागदावर असते आणि नेमके तेच कागद कोणी काढत नाही.

निकालाच्या दिवशी

शिक्षा कैदेची असेल तर निकालाची प्रत तिथल्या तिथे फुकट मिळते. तो हक्क आहे, मागून घ्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे आणि आरोपी आजवर जामिनावर होता, अशी स्थिती असेल तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली तेच कोर्ट अपील दाखल करेपर्यंत जामीन देतं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे ज्याला कोर्टात सगळे बीएनएसएस म्हणतात त्यात, हे कलम ४३० आहे. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ३८९ होतं. हा अर्ज निकालाच्या दिवशी खिशात तयार पाहिजे. निकाल दुपारनंतर लागला आणि जामीनदार गावाहून यायचा असला तर माणूस त्या रात्री आत जातो.

जामीनदाराचा सातबारा ताजा काढा आणि 'इतर अधिकार'चा रकाना आधीच पाहा. आपल्याकडे पीककर्जाचा बोजा नसलेला सातबारा शोधावा लागतो, आणि बोजा पाहून कोर्ट कधीकधी हरकत घेतं. म्हणून दोन जामीनदार हाताशी ठेवलेले बरे. दंड भरला तर पावती जपा. दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला, आता अपील नाही, असं गावात बोलतात. ते खोटं आहे.

शिक्षा नेमकी कशामुळं वाढली

निकालपत्राची शेवटची दोन-तीन पानं, शिक्षेच्या मुद्द्यावरची, बोट ठेवून वाचा. जुनी शिक्षा दोन वाटांनी आत येते.

पहिली वाट कायद्याची. भादंविच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, कलम ७५ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये, असं आहे की मालमत्तेच्या किंवा नाण्यांच्या (नव्या संहितेत नोटांच्याही) ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा होऊ शकते, अशा गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला तर त्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही देता येते. न्याय संहितेतल्या साध्या चोरीच्या कलम ३०३(२) मध्ये दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत. पहिल्यांदा सापडलेला, चोरीचा माल पाच हजारांच्या आतला आणि परत दिलेला, तर नुसती समाजसेवा. एका जुन्या केसनं केवढा फरक पडतो पाहा. विजेच्या आकड्याचंही तसंच आहे. विद्युत कायद्याच्या कलम १३५ मध्ये दहा किलोवॅटपर्यंतच्या चोरीला पहिल्या वेळी झालेल्या फायद्याच्या किमान तिप्पट दंड आणि दुसऱ्या वेळी किमान सहापट. गांजाच्या केसमध्ये मागची शिक्षा सिद्ध झाली तर कमाल मुदत दीडपट होते. मोहाच्या दारूच्या केसेस तर आपल्याकडे ढिगानं, आणि दारूबंदी कायदाही पहिल्या-दुसऱ्या वेळेत फरक करतो.

दुसरी वाट नुसत्या शब्दांची. कलम ७५ किंवा १३ कुठंच लावलेलं नसतं, पण निकालात एक ओळ असते: 'आरोपी सराईत असल्याने दया दाखवणे उचित नाही.' आणि जिथं चार-सहा महिने लागले असते तिथं अडीच वर्षं लागतात. माझ्या पाहण्यात जास्त केसेस या दुसऱ्या वाटेच्या आल्या आणि अपिलात जास्त ढिल्याही त्याच निघाल्या.

तारखेची एक गोष्ट इथंच सांगतो. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर त्याला भादंविच लागते, निकाल कधीही लागो. भादंविच्या ३७९ मध्ये दुसऱ्या चोरीला किमान एक वर्षाची अट नव्हती. नवीन कायद्यातलं ते किमान वर्ष जुन्या गुन्ह्याला लावलं असेल तर राज्यघटनेच्या कलम २०(१) च्या विरुद्ध आहे. अपिलात हा मुद्दा पहिला लिहा. उलट, गुन्हा नवीन कायद्याखालचा आणि मागची शिक्षा भादंविखालची असेल, तर कलम १३ मधले 'या संहितेच्या' हे शब्द आणि ३०३ मधले 'या कलमाखाली' हे शब्द वकिलाला दाखवा. सरकारी बाजूकडे याला उत्तर असतं, पण मुद्दा मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, नसेल तर त्यावर बोलायलाच मिळत नाही.

जुनी केस म्हणजे शिक्षा होती का?

पाणबुडी मोटर आणि केबल चोरीची एक केस सांगतो. गुन्हा २०२२ चा, म्हणजे भादंविचा. पोराला अडीच वर्षं लागली. माय दुसऱ्या दिवशी टेबलासमोर येऊन बसली.

"मुन्शीजी, मोटर यानं नेली का नाई थे देवाले ठाऊक. पण मांगच्या केसा आता काऊन काढल्या जी? त्या तं मिटल्या होत्या ना!"

"मावशी, कोणत्या मिटल्या, कशा मिटल्या, थे कागदावर पाहू द्या मले आधी."

पोलिसांच्या दोषारोपपत्राला, म्हणजे चार्जशीटला, पोलीस ठाण्याची एक यादी टाचलेली होती, 'आरोपीचा गुन्हे अभिलेख' म्हणून. चार गुन्हे, चार नंबर, खाली सही-शिक्का. मॅजिस्ट्रेटनं त्या यादीवरून 'सराईत' लिहिलं होतं. आम्ही चारही केसेसचा माग काढला. एकीत तो निर्दोष सुटलेला. एक अजून चालूच. तिसरी त्याची नव्हतीच. नाव-आडनाव तेच, वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर लिहिलेलं आणि माणूस शेजारच्या गावचा चुलतभाऊ. त्या केसच्या अटक फॉर्मवर ओळखीची खूण होती 'डाव्या भुवईवर जखमेचा व्रण' आणि वय बारा वर्षांनी जास्त. आमच्या पोराची भुवई साफ. चौथी मात्र खरी होती. बकरी चोरीची. त्यानं वकील न लावता गुन्हा कबूल केला होता, पाचशे रुपये दंड भरून बस पकडून घरी आला होता. मायच्या लेखी ती 'मिटलेली' केस.

नेमकं हेच लोकांना कळत नाही. कबुली देऊन दंड भरला म्हणजे दोषी ठरलात. दंड पाचशेच होता हे कायदा पाहत नाही, त्या कलमाला किती शिक्षा होऊ शकत होती ते पाहतो. चोरीला तीन वर्षं होऊ शकत होती. तालुक्याच्या कोर्टात 'कबूल करून टाक, दंडावर सुटशील' असं सांगणारे पुष्कळ असतात. सांगणारा नंतर सापडत नाही.

उलट काय शिक्षा धरलं जात नाही, तेही लक्षात ठेवा. नुसता एफआयआर नाही. चालू केस नाही. निर्दोष सुटका तर नाहीच. फिर्यादीशी कायदेशीर तडजोड होऊन केस मिटली असेल तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बॉन्ड, ही शिक्षा नव्हे. तडीपारीही नव्हे. जुन्या शिक्षेविरुद्ध अपील होऊन ती रद्द झाली असेल तर ती उरलीच नाही, पण रद्द झाल्याचा आदेश दाखवणारं कोणी पाहिजे. आणि जुन्या गुन्ह्याच्या वेळी पोरगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्या नोंदीचा ठपका पुढं लागत नाही. सोळा ते अठरा वयाच्या, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या पोरांचं तेवढं वेगळं. शाळेचा दाखला काढा. गुन्ह्याच्या वेळी वय कमी होतं हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर काढता येतो.

पारधी बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, केसेसमध्ये ही यादी मी जरा जास्तच निरखून पाहायचो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी बेड्याचा पत्ता दिसला की 'सराईत' हा शब्द अजून आपोआप टाइप होतो. कधीकधी यादीत माणसाच्या नावावर एकही लागलेली शिक्षा नसते, नुसते संशयावरून उचलल्याचे गुन्हे असतात.

कोणते कागद काढायचे

नक्कल विभागात अर्ज टाकताना फक्त निकालपत्र मागू नका. कोर्टानं ठेवलेला दोषारोप, सगळ्या साक्षी, आरोपीचा जबाब, जुन्या शिक्षेबद्दल दाखल झालेली प्रत्येक निशाणी (पुराव्यात नंबर पडलेला कागद) आणि रोजनामा मागा. रोजनाम्याला वकीलही विसरतात. कोणत्या तारखेला काय झालं त्याची ओळ न ओळ त्यात असते. शिक्षेवर आरोपीला वेगळं ऐकलं का, जुन्या शिक्षेचं विचारलं का, विचारलं तर तो काय बोलला, सगळं तिथं सापडतं.

जुन्या केसचा आरसीसी (नियमित फौजदारी खटला) किंवा एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला) नंबर आणि वर्ष मिळालं की त्या कोर्टात नकलेचा अर्ज टाका. नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. नावाचं स्पेलिंग दोन-चार तऱ्हेनं टाकून पाहा. फार जुनी फाईल नष्ट केलेली असते. तसं असेल तर 'अभिलेख नष्ट' असा शेरा लेखी घ्या. तो शेरा तुमच्या कामाचा आहे, कारण सिद्ध करायचं ओझं सरकारवर आहे.

अपिलात मारायचे मुद्दे

वाढीव शिक्षेसाठी जुनी शिक्षा वापरायची असेल तर ती दोषारोपात लिहावी लागते: काय शिक्षा, कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात. जुन्या सीआरपीसीत २११(७), आता २३४(७). राहून गेली असेल तर कोर्ट ती शिक्षा सुनावण्याआधी कधीही जोडू शकतं, नंतर नाही. मोटरच्या केसमध्ये बकरीची शिक्षा खरी होती, कलम ७५ त्या जोरावर लागूही शकलं असतं, पण दोषारोपात तिचा एक शब्द नव्हता.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. जुनी शिक्षा सिद्ध करायची रीत ठरलेली आहे, बीएनएसएसचं कलम ३३४. कोर्टाच्या अभिलेखातला प्रमाणित उतारा, किंवा जिथं शिक्षा भोगली त्या जेलच्या अधिकाऱ्याचा दाखला, किंवा जेलमध्ये पाठवल्याचं वॉरंट. आणि यातलं काहीही आणलं तरी त्यासोबत, हा तोच माणूस आहे याचा वेगळा पुरावा. पोलीस ठाण्याची टाइप केलेली यादी यात कुठंच बसत नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. वाढीव शिक्षेसाठी मागची शिक्षा दाखवायची असेल तर नव्या गुन्ह्यात दोषी ठरवण्याआधी सरकारी बाजूनं तिचा उल्लेख करायचा नसतो. आधीच कानावर घातलं तर पुढं साक्षी कशा नजरेनं वाचल्या जातील, हे सांगायला नको. तपास अधिकाऱ्याच्या सरतपासात (सरकारी वकिलानं घेतलेल्या साक्षीत) 'आरोपीवर यापूर्वी' असं वाक्य सापडलं तर खूण करून ठेवा.

चौथा, अधिकाराचा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी एका गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाही, जुनी शिक्षा असो वा नसो. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा सत्र न्यायालयाकडे जायला पाहिजे.

आणि शिक्षेच्या मुद्द्यावर नीट ऐकलं नसेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. सुप्रीम कोर्टानं संतासिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७६ च्या निकालात सांगून ठेवलंय की शिक्षेवरची सुनावणी नावापुरती उरकायची नाही. रोजनाम्यात एकाच ओळीत 'आरोपीस ऐकले, दया मागितली' एवढंच असेल तर त्यावर बोलता येतं. अपिलात घरची परिस्थिती, वय, मधल्या वर्षांत एकही गुन्हा नसणं, माल परत मिळालेला असणं हे कागदानिशी लावा. सरपंचाचा 'चांगल्या वर्तणुकीचा दाखला' कोर्टात फार वजन धरत नाही, असं माझं मत. मजुरीची नोंद, लेकराच्या शाळेची पावती, आईबापाच्या आजाराचे कागद जास्त बोलतात.

मेमोच्या शेवटी मागणी दुहेरी ठेवा: निर्दोष सोडा, ते होत नसेल तर शिक्षा कमी करा. फक्त पहिली मागणी लिहिलेले मेमो मी पाहिलेत. आरोपीनं गुन्हा कबूल केला असेल तर दोषी ठरवण्याविरुद्ध सहसा अपील नसतं, पण शिक्षेच्या प्रमाणाविरुद्ध आणि कायदेशीरपणाविरुद्ध असतं. म्हणजे कबुली देऊन बसलेल्यालाही हा रस्ता मोकळा आहे.

अपील केलं आणि शिक्षा वाढली तर? ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरानं बोलून दाखवली. तुमच्या अपिलात अपिलाचं कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवायची असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, किंवा हायकोर्टाला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं.

माणूस आत असेल आणि पैसे नसतील तर

जेलमधून अपील करता येतं. अर्ज आणि निकालाची प्रत जेल अधीक्षकाकडे द्यायची, पुढं कोर्टाकडे पाठवायचं काम त्यांचं. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती, दोन्ही कोर्टाच्या आवारातच असतात. हायकोर्टासाठी नागपूरला वेगळी उपसमिती आहे. कोठडीत असलेला माणूस, बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालायच्या आधी हे विचारून घ्या, पुष्कळदा तो दाखला लागतच नाही.

एम. एच. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील लागत असेल तर तोही. त्या केसमध्ये निकालाची प्रत हाती पडायला वर्षं लागली, असं कैद्याचं म्हणणं होतं. म्हणून भेटीला गेलात की पहिलं विचारा, निकालाचा कागद तुझ्या हातात मिळाला का, सही करून घेतला का.

मोफत मिळालेल्या वकिलाला वर सांगितलेला गठ्ठा स्वतः नेऊन द्या. त्याच्याकडे अशा फायली पुष्कळ असतात. जुन्या केसचा माग काढायला तो तालुक्याला येणार नाही.

अपील दाखल झाल्यावर

अपिलासोबत शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज लागतोच. निकाल लागायला वेळ जातो आणि छोटी शिक्षा असली तर अपील ऐकलं जाईपर्यंत ती भोगूनही होते. स्थगिती मिळाली तर प्रत्येक तारीख पाळा.

मोटरच्या केसमध्ये सत्र न्यायालयानं गुन्हा कायम ठेवला, यादी बाजूला सारली आणि शिक्षा भोगली तेवढ्यावर आणली. सत्र न्यायालयातही नाही जमलं तर नागपूरला पुनरीक्षण अर्ज, मुदत ९० दिवस. तिथं साक्षी नव्यानं तोलून पाहायला कोर्ट फारसं तयार नसतं, पण दोषारोपात जुनी शिक्षा नव्हती किंवा ती रीतसर सिद्ध केली नाही हा कायद्याचा मुद्दा तिथं चालतो. तो मुद्दा खालच्या अपिलात घेतलेला असला तर जास्त बरा.

शिक्षा कमी झाली की हिशेब स्वतः करून पाहा. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, पण ते वॉरंटवर लिहिलेले पाहिजेत. अटकेची तारीख आणि जामिनाची तारीख ताडून बघा. आधीपासून दुसरी एखादी शिक्षा चालू असेल आणि दोन्ही एकत्र भोगायच्या असं कोर्टानं लिहिलं नसेल, तर नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते. तसं लिहून घ्यायची विनंती अपिलातच करायची असते. सुटकेचा आदेश जेलमध्ये संध्याकाळच्या बंदीआधी पोचला नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो, म्हणून गाडी सांगून ठेवायच्या आधी जेलमध्ये फोन करा. आणि अपिलाच्या निकालाच्या दोन प्रमाणित प्रती काढा. एक घरच्या पेटीत, एक वकिलाकडे. पुढं कधी पोलिसांची यादी पुन्हा समोर आली तर त्या केसपुढं काय लिहायला पाहिजे होतं, ते दाखवायला हाच कागद लागतो.